कवडीचें मोल

जालना जिल्ह्यांत समुद्र नाहीं. मुंबईचा किनारा येथून सुमारें चारशें किलोमीटर दूर. जमीन समुद्रसपाटीपासून सुमारें पांचशें मीटर उंच. आणि पायांखालचा खडक म्हणजे ज्वालामुखीच्या थिजलेल्या रसाचा काळा कातळ. असें असूनहि याच जिल्ह्यांत, जालना शहराच्या दक्षिणेस अंबड येथें टेकडीवर जी देवी बसली आहे, तिचें नांव मत्स्योदरी. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीला हें नांव मिळालें असें सांगतात. नवरात्रांत तेथें यात्रा भरते, आणि त्या गर्दींत एखादी आराधीण हटकून दृष्टीस पडते. कपाळावर मळवट, हातीं परडी, गळ्यांत कवड्यांची माळ. तुळजापूरच्या भवानीची ही खूण मराठवाड्यांत घरोघरीं ओळखीची आहे. त्या आराधिणीनें समुद्र कधीं पाहिलाहि नसेल. पण तिच्या माळेंतील एकेक मणि हें समुद्रांतल्या एकेका जिवाचें घर आहे. त्या जिवाची, आणि त्याच्या घराची माणसांनीं जी किंमत ठरविली व पुढें जी बुडविली तिची हकीकत श्रोत्यांपुढें ठेवण्याचा आज विचार आहे.

कवडी म्हणजे गोगलगाय. पावसाळ्यांत सोयाबीनचीं कोंवळीं रोपें कुरतडणारी गोगलगाय मराठवाड्यांतील शेतकऱ्याला चांगलीच ठाऊक आहे, आणि तिच्याबद्दल त्याच्या मनांत प्रेम नाहीं. कवडीचा प्राणी हा तिचाच समुद्रांतला दूरचा आप्त होय. अंग मऊ, हाडांचा पत्ता नाहीं, पोटाच्या स्नायूवर सरपटत चालावयाचें आणि चुन्याचें घर पाठीवर वाहावयाचें, हा या साऱ्या कुळाचा धर्मच आहे. माळेंतली जी पिंवळसर पांढरी, कडेला गांठी असलेली लहान कवडी, ती हिंदी महासागर व पॅसिफिक महासागर यांच्या उष्ण आणि उथळ पाण्यांत, विशेषतः प्रवाळाच्या खडकांवर राहाते. लांबी बहुधा एक ते तीन सेंटीमीटर. दिवसां ती दगडांच्या खालीं किंवा प्रवाळाच्या भेगांत दडून बसते व रात्रीं बाहेर पडून दगडांवरचें शेवाळ खरवडून खाते. ओहोटीला जेथें गुडघाभर पाणी उरतें, तेथेंहि ती सांपडते. आणि हेंच पुढें तिला भोंवलें.

या घराची बांधणी मोठी चमत्कारिक आहे. लहानपणीं कवडी ही कवडीसारखी दिसतच नाहीं. तिचें कवच पातळ असतें, इतर शंखांप्रमाणें त्याला पीळ असतो आणि तोंड मोठें उघडें असतें. वयांत आली म्हणजे कवचाची बाहेरची कड आंत वळूं लागते, पीळ झांकला जातो, तोंडाची अरुंद फट होते आणि फटीच्या दोन्ही कडांना दांत येतात. एकदां असें झालें कीं कवडीची लांबी वाढावयाची थांबते. पुढें कवच फक्त जाड होत जातें. पुष्कळशा समुद्री शंखांना तोंड बंद करण्यासाठीं एक झांकण असतें. प्रौढ कवडीला तें नसतें. ती दांतेरी फट हाच तिचा दरवाजा व तोच तिचा अडसर.

आणि तिची चकाकी? बाजारांतला व्यापारी कवडीला पालिश करीत असेल, असें पुष्कळांना वाटतें. परंतु हें काम त्या जिवानेंच केलेलें असतें. त्याच्या अंगाभोंवतीं एक पातळ मऊ पडदा असतो. प्राणी निर्धास्त असला म्हणजे या पडद्याचे दोन पदर फटींतून दोन्ही बाजूंनीं वर येतात व सारी पाठ झांकून टाकतात. कवचावर चुन्याच्या मिन्याचे थर चढतात ते याच पडद्यांतून. इतर शंखांवर शेवाळ चढतें, ओरखडे उठतात; कवडी मात्र स्वतःच्या पदराखालीं झांकलेली राहिल्यामुळें कांचेसारखी लकाकत राहाते. प्राणी मेला व कवच वाळूंत लोळत पडलें कीं ही लकाकी जाते. सारांश, चकाकणारी कवडी ही बहुधा जिवंत असतांनाच पकडलेली असते. मादी अंडीं घालते तेव्हां तीं सोडून जात नाहीं. त्यांच्यावर पाय पसरून बसते. पुढें अंड्यांतून जे सूक्ष्म जीव बाहेर पडतात, ते पाण्यावर तरंगत दूरवर जातात.

१७५८ सालीं स्वीडनच्या लिनीयसनें या कवडीचें शास्त्रीय नांव ठरविलें तें 'सायप्रिया मोनेटा.' आज शास्त्रज्ञ पहिला शब्द बदलून 'मोनेटेरिया मोनेटा' म्हणतात. सायप्रिया या शब्दांत सायप्रस बेट आहे, जें ग्रीकांच्या सौंदर्यदेवतेचें बेट. मोनेटा हें रोमच्या जूनो देवीचें एक नांव. तिच्या देवळाशीं रोमची टांकसाळ होती, म्हणून युरोपांत पैशाला तिचें नांव पडलें. म्हणजे ज्या कवडीची माळ अंबडला देवीच्या दारांत दिसते, तिच्या परदेशी नांवांतहि दोन देवी दडल्या आहेत! हा केवळ योगायोग. पण मोठा रम्य योगायोग खरा. आपल्याकडे संस्कृतांत तिला कपर्दिका व वराटिका म्हणतात. शंकराला कपर्दी म्हणतात, कारण त्याच्या जटांची वळण कवडीसारखी. चिनी मातीच्या भांड्यांना इंग्रज जें पोर्सेलिन म्हणतात, तोहि शब्द इटालियन लोकांच्या कवडीच्या नांवावरूनच आला.

कवडीचा पैसा कसा झाला हें समजण्यास एक प्रयोग पुरे आहे. मूठभर कवड्या हातांत घ्याव्या. त्या कुजत नाहींत, गंजत नाहींत, सहजासहजीं फुटत नाहींत. आकारानें बहुतेक सारख्या, म्हणून तोलावयास नको, मोजल्या कीं झालें. सोन्यांत तांबें मिसळतां येतें. कवडींत कांहींच मिसळतां येत नाहीं. आणि भाजीची जुडी घेण्याइतकी बारीक किंमत दुसऱ्या कोणत्याहि नाण्याला नव्हती. गरिबाला जें नाणें हवें असतें तें हेंच.

तिच्या हिशेबाचें कोष्टक इ. स. ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनीं 'लीलावती'च्या आरंभींच दिलें आहे. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. गुणाकार केला तर पणाला ८० कवड्या, द्रम्माला १,२८० आणि निष्काला २०,४८० कवड्या पडतात. या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचे नातू चंगदेव यांनीं मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. जालन्याहून तें ठिकाण फार दूर नाहीं. गणिताचा एवढा थोर ग्रंथ गोगलगाईच्या घरापासून सुरू व्हावा, हें ज्यांना विचित्र वाटेल त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं शिष्याला बाजारांतला हिशेब आधीं येणें अगत्याचें असतें, ग्रहगणित मागाहून.

मालदीव बेटें हें या पैशाचें खरें माहेर. तेथील कवडी आकारानें लहान, म्हणून वाहून नेण्यास स्वस्त, आणि विपुल. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी मोठी असे, तेव्हां लोक कमरेइतक्या पाण्यांत उतरून दगडांखालून कवड्या वेंचीत. मग त्या खड्ड्यांत पुरून ठेवीत. आंतलें मांस कुजून गेलें कीं धुऊन घेत. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इ. स. १३४३ मध्यें या बेटांवर गेला व तेथें काजी झाला. त्यानें लिहून ठेवलें आहे कीं तेथें एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत. भाव पडला तर बारा लाखहि मिळत. बंगालचे लोक तांदूळ देऊन त्या घेऊन जात. पुढें दहाएक वर्षांनीं हाच प्रवासी आफ्रिकेंत नायजर नदीच्या कांठीं गेला, तर तेथें दिनाराला अवघ्या १,१५० कवड्या! चार लाखांना साडेअकराशेंनीं भागिलें तर उत्तर जवळ जवळ साडेतीनशें येतें. समुद्राच्या कांठीं जी वस्तु फुकटासारखी, ती वाळवंटापलीकडे साडेतीनशें पट महाग.

आपल्या देशांतहि हाच न्याय लहान प्रमाणावर चालत असे. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए सांगतो कीं समुद्राजवळ पैशाला ८० पर्यंत कवड्या मिळत, आणि जसजसें आंत जावें तसतशा त्या कमी होत, इतक्या कीं आग्र्यास ५० किंवा ५५ च. फरक तो वाहतुकीचा. हा ८० चा आंकडा श्रोत्यांनीं मघांशी ऐकिलाच आहे. 'लीलावती'चा पण तो हाच. आंत माल नेणारे मुख्य लोक म्हणजे लमाण. मीठ, धान्य यांचे बैल घेऊन त्यांचे तांडे देशभर फिरत. आज त्यांचे तांडे मंठा, परतूर या भागांत स्थिर झाले आहेत. बैलांचा व्यापार केव्हांच गेला. परंतु त्यांच्या स्त्रियांच्या जुन्या पोषाखावर, पिशवीच्या कडेला, इंढोणीच्या झालरीला कवड्या शिवलेल्या दिसतात. पोळ्याच्या दिवशीं शेतकऱ्याच्या बैलाच्या गळ्यांतहि त्या असतात. चलनांतून गेलेलें नाणें अंगावर दागिना म्हणून राहिलें.

कवडी चलनांतून गेली कशी, हा या कथेचा कडू भाग होय. आणि त्याचा एक धागा थेट जालना जिल्ह्यांत येऊन पोंचतो.

बंगाल, आसाम, ओरिसा या पूर्वेकडील प्रांतांत लहानसहान व्यवहार तर कवडींत होतच, पण सरकारचा साराहि कवडींत भरला जाई. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहण. म्हणजे पण ८० चा आणि काहण १,२८० चा; सहाशें वर्षांत कोष्टक तेंच राहिलें, नांवें तेवढीं बदललीं. १७७८ च्या सुमारास सिल्हेट येथें रॉबर्ट लिंडसे नांवाचा कंपनीचा अधिकारी नेमला गेला. त्या जिल्ह्याचा सारा अडीच लक्ष रुपये होता, आणि तो सारा कवड्यांत येई. भाव रुपयाला ५,१२० कवड्या, म्हणजे बरोबर चार काहण. एकूण संख्या होते १२८ कोटी. हजार कवड्यांचें वजन किलोभर धरलें तरी हें ओझें बाराशें टनांच्या वर जातें. तें ठेवण्यास कोठारें, नेण्यास नांवांचा तांडा, आणि मोजण्यास माणसांची पलटण लागे. कंपनी सरकारला हा खटाटोप नको होता. एका दृष्टीनें तें स्वाभाविकच होतें.

आतां जालना जिल्ह्याचा धागा. या जिल्ह्याच्या उत्तर भागांत असई नांवाचें खेडें आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा आणि इंग्रजांचा सेनापति वेलस्ली यांची लढाई झाली. ती इंग्रजांनीं जिंकली, हें शाळेंतील मुलालाहि ठाऊक असतें. त्याच युद्धांत इंग्रजांच्या दुसऱ्या फौजेनें भोसल्यांच्या ताब्यांतील कटक घेतलें, आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें रघूजी भोसल्यांनीं तो प्रांत कायमचा सोडून दिला. मराठ्यांच्या अमलांत तेथें व्यवहार कवडींत चालत असे. कंपनीनें सारा चांदीच्या रुपयांत मागितला. ज्या कुळाच्या घरीं फक्त कवड्या होत्या, त्याला रुपये विकत घ्यावे लागूं लागले. आणि सरकारच कवडी घेत नाहीं म्हटल्यावर रुपयामागें पूर्वीपेक्षां अधिक कवड्या मोजाव्या लागूं लागल्या. शेत तेंच, पीक तेंच, पण सारा घरबसल्या वाढला. १८१७ सालीं खुर्द्याच्या पाइकांनीं बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखालीं उठाव केला. इनाम जमिनी गेल्या, सारा वाढला, मीठ महाग झालें, अशा त्यांच्या तक्रारी अनेक होत्या. त्यांत कवडी बंद झाल्याची तक्रारहि होती. सरकारनें नाणें बदललें तर श्रीमंताला सराफाचा पत्ता माहीत असतो. ज्याची सारी पुंजी मडक्यांत मोजून ठेवलेली, त्यालाच तें मडकें रिकामें झाल्याचें प्रथम कळतें.

आफ्रिकेंत याहून भयंकर प्रकार घडला. मालदीवच्या कवड्या डच व इंग्रज व्यापारी जहाजांच्या तळाशीं भरताड म्हणून ॲम्स्टरडॅम व लंडन येथें नेत, तेथें त्यांचा लिलाव होई, आणि मग त्या आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जात. तेथें त्यांनीं जें विकत घेतलें जाई, त्यांत माणसेंहि असत. एकट्या अठराव्या शतकांत अशा रीतीनें तेथें गेलेल्या कवड्यांची संख्या इतिहासकार हजार कोटींच्या घरांत धरतात. शेवाळ खाऊन जगणाऱ्या मुक्या जिवाचा यांत काय दोष? परंतु त्याच्या रिकाम्या घरानें माणसांची किंमत मोजली गेली, हें खरें. पुढें १८४५ पासून हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनीं झांजिबारकडील दुसऱ्या जातीची, पाठीवर सोनेरी कडें असलेली कवडी जहाजेंच्या जहाजें भरून तिकडे ओतली. ती मोठी होती, जड होती, आणि अतिशय स्वस्त होती. शतक संपावयाच्या आंत तेथील लोकांची कवड्यांतली सांठवण मातीमोल झाली. घाना देशानें मात्र १९६५ सालीं स्वतःचें नाणें काढलें तेव्हां त्याला 'सेदी' नांव दिलें. त्या शब्दाचा अर्थच कवडी.

मराठींत कवडी राहिली ती बहुतेक पडलेल्या भावाचीच. फुटकी कवडी, कवडीचुंबक, कवडीमोल. जालन्याच्या बाजारांत मोसंबीचा भाव कोसळला कीं शेतकऱ्याच्या तोंडीं हाच शेवटचा शब्द येतो, आणि तो अगदीं बरोबर येतो. कारण राबणाऱ्याच्या हातांतली वस्तु दुसऱ्याच कोणाच्या ठरावानें एका रात्रींत हलकी होते, हाच कवडीचा इतिहास आहे. चांगल्या घट्ट दह्याला मात्र कवड्यांचें दही म्हणतात. एवढा एक मान भाषेनें तिला ठेवला. सोंगट्यांच्या पटावर दान टाकण्यासाठीं ती अजून लागते. तेथेंहि पाठ वर आली कीं पोट, यावर डाव जातो किंवा येतो.

आतां राहिला तो जीव. पैसा म्हणून कवडीची मागणी संपली, तरी माळा, झालरी, शोभेच्या वस्तु यांसाठीं ती वेंचली जातेच. २००१ सालीं भारत सरकारनें वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत कांहीं शंख-शिंपल्यांची नांवें घातलीं. त्यांत कवडीच्या तीन जाती होत्या. माळेंतली साधी कवडी त्यांत नव्हती. ती दुर्मिळ नाहीं, हें खरें. पण ती ज्या प्रवाळावर राहाते त्या प्रवाळाची अवस्था चांगली नाहीं. समुद्राचें पाणी प्रमाणाबाहेर तापलें कीं प्रवाळ आपल्या अंगांतील सूक्ष्म वनस्पति बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि उष्णता टिकली तर मरतो. मालदीव व लक्षद्वीप येथें १९९८ सालीं असें मोठ्या प्रमाणावर झालें. २०१६ सालीं पुन्हा झालें. शेंकडों वर्षें खड्डे भरभरून वेंचूनहि जी संपली नाहीं, तिच्या पायांखालचा दगडच आतां डळमळूं लागला आहे.

यात्रेंत हल्लीं प्लास्टिकच्या कवड्यांच्या माळाहि मिळतात. त्या वजनानें हलक्या, हाताला कोंवट, आणि सर्व एकाच सांच्यांतून काढल्यामुळें दांतांची ओळ प्रत्येकीची सारखी. खरी कवडी हाताला गार लागते, आणि दोन कवड्यांचे दांत कधींच तंतोतंत जुळत नाहींत. खऱ्या कवड्यांची माळ बहुधा आजीकडून सुनेकडे, सुनेकडून नातीकडे आलेली असते. तशी घरांत असेल तर नवी घेण्याचें कारण नाहीं. ती काढून, दोरा ओंवण्यासाठीं जिची पाठ फोडलेली नाहीं अशी एखादी कवडी दिव्यासमोर धरून पाहावी. कांहीं कवड्यांच्या पाठीवर लांबीच्या बाजूनें एक अस्पष्ट रेघ दिसते. तो जीव दगडाखालीं निर्धास्त असतांना त्याच्या पडद्याचे दोन पदर वर येऊन जेथें एकमेकांना मिळत, ती ही जागा.